तिसरी पीन

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सात रस्ता, सोलापूर
१८ एप्रिल

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून आलेला शेजारचा मुलगा काल सकाळी पेढे घेऊन आला आणि पेढ्यांबरोबर तुझी एक हकिकतही देऊन गेला. जुन्या बाजारातून तू १,८०० रुपयांस एक जुनी विजेवरची गिटार विकत घेतलीस. तिच्यातून सुरापेक्षा खरखरच अधिक निघते. दुरुस्तीस दुकानदार ४,५०० रुपये मागतो. आणि ते द्यावेत की नाही या विवंचनेत परीक्षेच्या फीची मुदत संपत आली तरी ती भरलेली नाही, असे त्याने चहा पिता पिता सांगितले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडलेही होते. परंतु तो पुढे जे बोलला ते ऐकून माझे शब्द तोंडातच राहिले. तारांना हात लागला की तुझ्या बोटांना मुंग्या येतात, माईकजवळ तोंड नेले की ओठाला चटका बसतो, आणि यावर उपाय म्हणून तू पायात रबरी स्लीपर घालून वाजवतोस, हे तो मोठ्या कौतुकाने सांगत होता. तुझी आई पेढ्यांची ताटली तशीच टाकून आत निघून गेली. ‘मुंग्या येतात’ हे दोन शब्द आपल्या घरात कोणी सहज उच्चारीत नाही, हे त्या पोराला ठाऊक असण्याचे कारण नाही. तुला मात्र आहे.

फीविषयी मागाहून लिहितो. आधी मला एवढे सांग, की ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पीन कोणी काढली? तुझ्या खोलीतील सॉकेट जुन्या वाड्यातले, दोनच भोकांचे, म्हणून तू प्लग उघडून ती मोठी पीन काढून टाकलीस, आणि तशाने आवाजातली घूंघूं कमी झाली म्हणून स्वतःवर खूशही झालास, असे कळते. अरे, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलाने हे करावे? ती पीन इतर दोघींहून जाड आणि लांब का केलेली असते? प्लग आत जाताना ती सर्वांच्या आधी टेकावी आणि बाहेर येताना सर्वांच्या शेवटी सुटावी, म्हणजे यंत्रात वीज खेळत आहे तोवर त्याच्या लोखंडी अंगाचा जमिनीशी असलेला संबंध क्षणभरही तुटू नये, यासाठी. गिटारच्या तारा घोडीला, घोडी आतल्या एका बारीक तारेने जॅकला, आणि जॅक केबलमधून ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेला असतो. तेव्हा त्या सांगाड्यात जे उतरेल ते सरळ तुझ्या दहा बोटांत उतरेल. स्लीपर घालून तू पायाकडची वाट बंद केलीस खरी, परंतु माईक दुसऱ्या यंत्राचा, त्याचे अर्थिंग निराळे; तारांवर बोटे आणि माईकवर ओठ असले की वीज पायापर्यंत जाण्याची तसदी कशाला घेईल? तिची वाट छातीतून जाते.

वेल्समधील स्वान्सी शहरी मे १९७२ मध्ये लेस्ली हार्वी नावाचा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक भर कार्यक्रमात गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला त्याचा हात लागला, एवढेच घडले होते. हे मी तुला भेडसावण्यासाठी लिहीत नाही. किंवा खरे सांगायचे तर भेडसावण्यासाठीच लिहीत आहे.

आता तू म्हणशील, अण्णाआजोबांचे नेहमीचे सुरू झाले. होय, सुरू झाले. गीझर लावला की अर्थिंग, कूलर आणला की अर्थिंग, लग्नाच्या मांडवात रोषणाई झाली की नवरदेवाला ओवाळण्याआधी हा म्हातारा टेस्टर घेऊन खांबांना टोचत फिरतो, म्हणून तुम्ही सारी पोरे मला हसत आला आहात. त्या हसण्याचा मला कधी राग आला नाही. परंतु माझ्या या खोडीचे मूळ तुम्हांपैकी कोणाला कोणी नीट सांगितलेले नाही, कारण ते सांगायचे तर मलाच सांगावे लागेल, आणि आजवर मी ते टाळले.

मिलच्या विद्युत खात्यात मी चिकटलो तेव्हा ऐन विशीत होतो. खात्याच्या आवारात अर्थिंगचे खड्डे होते. तळाशी तांब्याची पाटी, तिच्याभोवती मिठाचे आणि लोणारी कोळशाचे थर, आणि वर पाणी ओतण्यासाठी नळी. चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या काळ्या जमिनीला मनगट जाईल अशा भेगा पडतात. तशा दिवसांत खड्ड्याला पाणी न मिळाले तर तांब्याची पाटी नावालाच जमिनीत असते, वीज तिच्यातून जमिनीत मुरत नाही. म्हणून प्रत्येक खड्ड्यात पाणी घालावे आणि दप्तरी तशी नोंद करावी, असा हुकूम होता. १९७४ च्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या उन्हात, पलीकडच्या खड्ड्यापर्यंत चालत जाण्याचा मला कंटाळा आला. सावलीत बसून मी रजिस्टरात ‘तपासले, ठीक’ असे लिहिले आणि खाली सही ठोकली. चौथ्या दिवशी एका मोटारीच्या अंगाला तुझ्याच वयाच्या एका हेल्परचा हात लागला. मोटारीत दोष होता हे खरे, परंतु खड्डा ओला असता तर फ्यूज उडाला असता आणि पोरगा वाचला असता. चौकशी झाली. रजिस्टर पाहण्यात आले, त्यात सर्व ठीक असल्याचे आढळले, आणि कोणावरही ठपका न ठेवता प्रकरण दाखल दप्तर झाले. त्या मुलाची आई रेल्वे लाइन्सच्या बाजूने चालत मिलच्या फाटकाशी येई आणि कोणाला काही न विचारता उभी राहून परत जाई. मी मागल्या दाराने घरी जाऊ लागलो.

तुझ्या आजोबांची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गोष्ट येथे येते. धाकट्याने मुंबईहून एक विजेवरची हवाइयन गिटार आणली होती, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची. हजारा सिंग, व्हान शिपले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या त्या काळी घरोघर वाजत. एकेक गाणे त्या गिटारवर असे काही निघे, की शब्द नसूनही शब्द ऐकू येत. ऐकून ऐकून धाकटा ती गाणी बसवी, आणि गणपतीत मंडळाच्या मांडवात तो बसला की सात रस्त्यावरची टांगेवाली मंडळीसुद्धा टांगे उभे करीत. ॲम्प्लिफायर विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून एका जुन्या रेडिओच्या सांगाड्यातून मीच त्याला एक करून दिला. तो रेडिओ बिनट्रान्सफॉर्मरचा होता. तशा रेडिओत मेनची एक तार थेट पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असे, म्हणूनच त्यांना लाकडी किंवा बेकेलाइटची पेटी असे आणि बटणेही कातडी वाचवून बसवलेली असत. मी पेटी काढून टाकली होती. प्लग एका बाजूने घातला तर सारे ठीक, उलटा घातला तर २३० व्होल्ट धाकट्याच्या मांडीवर. तो दोन-तीनदा मला म्हणालाही होता, “अण्णा, कधीकधी मुंग्या येतात.” मी म्हणालो होतो, “येऊ देत, पायाखाली पाट घे.”

त्या हेल्परला पोहोचवून आल्याच्या रात्री मला ते बोलणे आठवले. मी उठलो, ॲम्प्लिफायर फोडला, आणि दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर गेला असताना त्याची गिटार भंगारवाल्याच्या तराजूत घातली. साडेतीन किलो भरली. अलग करणारा एक ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला असता तर पुरे होते. तो मला घालता येत होता, मिलच्या भंगारात तसे चार पडलेले होते. परंतु मला दुरुस्ती करायची नव्हती. मला ती वस्तू नजरेसमोर नको होती. धाकटा संध्याकाळी आला, कोनाडा रिकामा पाहिला, आणि “बरं,” एवढेच म्हणाला. पुढे चाळीस वर्षे आम्ही एका ताटात जेवलो, त्याने त्या विषयाचा उच्चार केला नाही आणि कोणत्याही वाद्याला हात लावला नाही. रेडिओवर गिटार लागली की तो उठून अंगणात झाडांना पाणी घालायला जाई. भर पावसाळ्यातसुद्धा.

तेव्हा बाळ, काल तुझी हकिकत ऐकल्यावर, ‘ते खूळ ताबडतोब विकून टाक’ असा चार ओळींचा हुकूम मी लिहून काढला होता, तो पाकिटात घालताना माझेच अक्षर मला ओळखीचे वाटले, आणि मी तो फाडला.

गिटार दुरुस्त करावी की नाही, हे ठरवायला ४,५०० रुपये लागत नाहीत. आधी तिची मान पाहा. सहा तारा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोंचा ताण रात्रंदिवस त्या लाकडावर असतो, आणि जुन्या बाजारात ती उन्हातान्हात किती वर्षे तशीच ताणलेली पडली होती, देव जाणे. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धर आणि सातव्या-आठव्या पडद्याशी तिच्याखाली फट किती राहते ते बघ. एखादे पत्त्याच्या पानाएवढ्या जाडीचे कागदी कार्ड जेमतेम सरकत असेल तर मान ठीक आहे. फट अधिक असेल तर मानेच्या पोटातला लोखंडी गज पाव-पाव फेरा फिरवून ती सरळ होते. फेरा देऊन एक रात्र थांबायचे, घाई करायची नाही. मात्र मानेला पीळ पडला असेल, एका टोकाने ती डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे झुकत असेल, तर मोह आवर आणि ती भिंतीवर टांग. पडदे झिजले असतील तर त्याला उपाय आहे. मिरजेच्या सतारमेकरांकडे पिढ्यान्‌पिढ्या पडदेच तर बसवले जातात, आणि त्यांच्या सतारींचे भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात, तेव्हा तो गाव आपल्याला परका नाही. विजेवरच्या गिटारला ते हात लावतील की नाही, हे तेथे जाऊनच विचारावे लागेल.

विजेचा भाग त्याहून सोपा. पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. मल्टिमीटर लावून पाच ते दहा हजार ओहमच्या आसपास आकडा आला तर ते जिवंत आहेत असे समज, आणि आकडाच आला नाही तर आत कोठेतरी तार तुटली आहे. बाकीची खरखर बहुतेक करून पॉटमध्ये साचलेल्या धुळीची आणि सैल जॅकची असते. जॅकचा नट ढिला झाला की जॅक गरगर फिरतो आणि आतली तार पिळून तुटते, हे मी डोळे मिटून सांगतो. दोन पॉट, एक जॅक आणि तासाभराचे सोल्डरिंग यांचे ४,५०० रुपये होत नाहीत. त्या दुकानदाराने तुझा चेहरा पाहून आकडा सांगितला. घोडीला जोडलेली बारीक तार मात्र मुंग्यांच्या भयाने तोडू नकोस, कोणी सांगितले तरी. चूक गिटारमध्ये नाही, भिंतीत आहे. घरमालकाला सांगून खोलीत अर्थिंगची तार ओढून घे आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घे. तो काचकूच करू लागला तर माझा फोन लावून दे. तोवर ॲम्प्लिफायरला हात लावायचा नाही. ही विनंती नाही.

एवढे रागावून लिहिले, परंतु तू कोणते गाणे बसवतो आहेस हे त्या मुलाला विचारायचे राहूनच गेले. त्याला सांगता आले असते असे वाटत नाही. तो तुझ्या स्लीपरांकडेच पाहत होता. तुझ्या आजोबांची बोटे लांब होती, करंगळी किंचित आत वळलेली. तुझीही तशीच आहे. तू पाळण्यात होतास तेव्हा धाकट्याने ती करंगळी चिमटीत धरून मला दाखवली होती आणि आम्ही दोघेही काही बोललो नव्हतो.

फीची रक्कम आज दुपारी तुझ्या खात्यावर जमा केली आहे. याची वाच्यता आईजवळ करू नये, कारण तिने मला पेन्शनमधून एक पैसाही पाठवणार नाही असे वचन द्यायला लावले आहे. मिलची ती पेन्शन किती येते हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा वचन मोडून फार मोठे पाप घडले असे नाही. शेजारचा मुलगा रविवारी परत निघेल, त्याच्याबरोबर शेंगाचटणीचा डबा येईल. डब्याच्या झाकणाखाली एक तीन पिनांचा प्लग गुंडाळून ठेवला आहे, तो आधी बघ आणि मग चटणी.

शक्य तर पुढच्या शनिवारी गिटार आणि ॲम्प्लिफायर दोन्ही घेऊन ये. माझे हात हल्ली थरथरतात, सोल्डर तुलाच धरावा लागेल, मी कोठे ते सांगेन. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात आज संध्याकाळी चार घागरी पाणी ओतले आहे.

तुझा,
अण्णाआजोबा