कंबर दुखली त्या दिवशी
आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५



चौतिसाव्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की हे मन फार चंचल आहे, वाऱ्याला धरून ठेवावं तसं त्याला आवरणं अवघड आहे. पस्तिसाव्यात श्रीकृष्ण उत्तर देतात. हे उत्तर मी कित्येक वर्षं अर्ध्यापासूनच वाचत आले. थेट 'अभ्यास आणि वैराग्य' या दोन शब्दांवर उडी मारायची. त्याआधी भगवंत काय म्हणतात, तिकडे लक्ष गेलं ते मागच्या महिन्यात, एका कंबरदुखीमुळे.

त्या दिवशी शहागंजच्या मंडईतून भाजी घेऊन निघाले होते. माझं ऑपरेशन डाव्या बाजूचं, काखेतल्या गाठीही काढलेल्या, त्यामुळे ओझं सगळं उजव्या हातात घ्यायची सवय. मेथी, दोन किलो बटाटे, भोपळा. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ आले आणि कमरेत जोरात कळ आली. दुसरी कोणी असती तर घरी जाऊन बाम लावला असता. मी तिथेच, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, उभी राहिले आणि मनात एकच वाक्य आलं : हाडात गेला.

ब्रेस्ट कॅन्सरचे माझे उपचार संपून सव्वादोन वर्षं झाली. ऑपरेशन, आठ केमो, रेडिएशन, आणि आता रोजची टॅमोक्सिफेनची गोळी. लोकांना वाटतं, उपचार संपले की भीती संपते. माझं उलटं झालं. केमो चालू असताना पुढची तारीख ठरलेली असायची, कोणीतरी रोज रक्त तपासायचं. शेवटचं रेडिएशन झालं, घरात पेढे वाटले आणि त्याच रात्री झोप उडाली. आता माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?

तर कंबर. रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर शोधत बसले. नवरा दोनदा म्हणाला, "अगं, झोप ना आता." तिसऱ्यांदा काही बोलला नाही, नुसता उठून बसला. दुसऱ्या दिवशी सत्संगातल्या एका ओळखीच्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नामस्मरण करणाऱ्याला भीती वाटतेच कशी? श्रद्धा कमी पडतेय." हे कमरेपेक्षा जास्त दुखलं. कारण मलाही आतून तेच वाटत होतं.

घरी येऊन पोथी उघडली. पस्तिसावा श्लोक सुरू होतो तो होकाराने. भगवंत अर्जुनाला आधी सांगतात की तुझं खरं आहे, यात शंकाच नाही, मन आवरायला कठीणच आहे. रागावत नाहीत. आणि हे मान्य करताना त्याला हाक कोणती मारतात? महाबाहो! मन आवरत नाही असं कबूल करणाऱ्या माणसाला, त्याच ओळीत, मोठ्या बाहूंचा वीर म्हणतात. मी पोथी मिटून थोडं रडले, खोटं कशाला सांगू.

ज्ञानेश्वर माउली इथे एक फार व्यवहारी गोष्ट सांगतात. या मनात एक गुण चांगला आहे, जिथे गोडी लागते तिथे ते पुन्हा पुन्हा जातं. म्हणून त्याला गोड जागा दाखवत राहावं. त्यांनी वापरलेला शब्द आपल्या 'सोकावणे'च्याच घरातला. दुधाला सोकावलेल्या मांजरीला आई ओरडायची ना, तोच. माझं मन रात्री दोनच्या फोनला सोकावलं होतं. दर वेळी शोधलं की पाच मिनिटं बरं वाटायचं, मग आणखी शोधायचं.

मग मी अभ्यास म्हणजे काय धरलं? फोन रात्री स्वयंपाकघरात. विचार आला की त्याला हाकलायचं नाही, वादही घालायचा नाही; 'आलास का, बस' म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. दिवसातून चाळीस वेळा गेलं तर चाळीस वेळा. सकाळी राजाबाजारात संस्थान गणपतीला जाते, तिथे दहा मिनिटं नुसती बसते. ऑस्ट्रेलियात आजार उलटण्याच्या भीतीसाठी 'कॉन्करफिअर' नावाची उपचारपद्धत तयार झाली, २०१७ साली तिच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीतही लक्ष वळवण्याचा सराव आहे, विचाराशी न झगडण्याचा सराव आहे, आणि नुसत्या शिथिलीकरणापेक्षा तिचा गुण जास्त दिसला. गीतेत सगळं आधीच होतं वगैरे मी म्हणणार नाही. पण वाचून बरं वाटलं.

वैराग्य मात्र जड गेलं. मला वाटायचं वैराग्य म्हणजे साड्या-दागिने सोडणं. माझी आसक्ती वेगळीच निघाली : हमी. गणपतीकडे हमी मागायचे, डॉक्टरांकडे हमी मागायचे. "दर तीन महिन्यांनी पूर्ण अंगाचा स्कॅन करू या ना," असा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. इटलीत हजारहून जास्त बायकांवर असे दोन मोठे अभ्यास झाले, १९९४ साली छापून आले. काही लक्षण नसताना हाडांचे स्कॅन, छातीचे एक्सरे वारंवार केलेल्या बायका जास्त जगल्या असं दिसलं नाही. म्हणून ठरलेल्या वेळी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. मधे काही नवीन दुखलं आणि दोन आठवड्यांत कमी झालं नाही किंवा वाढत गेलं, तर दाखवायचं. गाठ लागली किंवा दम लागायला लागला तर दोन आठवडेही थांबायचं नाही. जप करतेय म्हणून तपासणी टाळायची नाही, हे तर मी तुम्हालाही बजावून सांगते.

कॅलेंडरवर कंबरेची तारीख लिहिली. नवव्या दिवशी लक्षात आलं, दुखायचं थांबलंय. नक्की कधी थांबलं ते कळलंच नाही.

येत्या गुरुवारी माझी सहामाही तपासणी आहे. पोटात आत्तापासूनच गोळा आलाय. गणपतीसमोर या वेळी 'रिपोर्ट चांगला येऊ दे' म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. आज सकाळी म्हणूनच टाकलं. मग हसू आलं, आणि परत बसले.

उद्या छत्तिसावा श्लोक.