घोण : घरात नको, बागेत हवी
(ओळख, शोध, बरणीतील निरीक्षण आणि दंशावरील उपाय)



मृगाचे पहिले दोन-चार पाऊस झाले की पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यात घरोघरी एकच ओरड ऐकू येते, "घोण निघाली!" मग कोणी केरसुणी उचलतो, कोणी रॉकेल ओततो, तर कोणी भिंतीच्या कडेने हाताला लागेल ती विषारी पावडर टाकतो. घोण मरते किंवा फटीत पळते, आणि पुढच्या पावसात दुसरी निघते. या जिवाची राहणी समजून घेतली तर तिला घराबाहेर ठेवणे सोपे जाते, दंशही टळतात आणि घरात विष पसरण्याची वेळ येत नाही. म्हणून या पाठात घोण ओळखावी कशी, शोधावी कशी आणि अभ्यासासाठी काही आठवडे बरणीत ठेवावी कशी, याची माहिती घेऊ.

ओळख

लहान आकाराची ती गोम आणि बोटाएवढी जाड, वीतभर लांब ती घोण, असा फरक आपल्याकडे करतात. तलासरी, डहाणूकडील गुजराती बोलणारी मंडळी तिला कानखजूरा म्हणतात. नाव तसे असले तरी ती कान शोधत येत नाही. ती शोधते ओल, अंधार आणि भक्ष्य.

घोण हा कीटक नव्हे. कीटकाला पायांच्या तीन जोड्या असतात. आपल्याकडील मोठ्या घोणी स्कोलोपेंड्रा या प्रजातीत मोडतात आणि त्यांना पायांच्या २१ जोड्या असतात. गोमवर्गातील प्राण्यांत या जोड्यांची संख्या नेहमी विषम असते, त्यामुळे बरोबर शंभर पायांची गोम सापडतच नाही. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, ही म्हण खरीच आहे. शिवाय तुटलेला पाय पुढे कात टाकताना पुन्हा फुटतो.

स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स ही जात भारतात सर्वदूर आढळते. स्कोलोपेंड्रा हार्डविकी ही त्याहून मोठी जात असून तिच्या अंगावर एकाआड एक काळपट आणि तांबूस-नारिंगी पट्टे असतात. दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठी जात सुमारे एक फूट लांब होते आणि गुहेत वटवाघळेही पकडते. आपल्या देशातील घोणींचा अभ्यास जुना आहे. बी. एस. जंगी यांनी १९६६ साली भारतीय घोणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अलीकडे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. जान्हवी जोशी यांनी पश्चिम घाटातील घोणींच्या कुळांचा मागोवा घेतला आहे.

नावांची गफलत टाळा

पुढील चार जीव वेगवेगळे आहेत, हे घरातील सर्वांना माहीत असावे.

१) घोण : चपटी, चपळ, अंगाच्या प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी. दंश करते.
२) पैसा किंवा वाणी : गोल अंगाचा, संथ, प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या. हात लागताच वेटोळे करतो. कुजका पाला खातो, चावत नाही.
३) घोणस अळी : सन २०२२ मध्ये मराठवाड्यात गाजली ती. ही पतंगाची अळी असून तिच्या केसांनी आग होते.
४) घोणस : हा अतिविषारी साप आहे.

दवाखान्यात "घोण चावली" आणि "घोणस चावली" यांत एका अक्षराचा फरक, पण उपचारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून चुकीचे नाव जाऊ शकते. म्हणून सोबतच्या माणसाने "पायांची घोण" की "साप" हे स्पष्ट सांगावे.

राहणी

घोणीच्या कातडीवर कीटकांसारखा मेणाचा थर नसतो आणि तिला श्वासरंध्रे घट्ट मिटता येत नाहीत. त्यामुळे कोरड्या हवेत तिच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. तिची सारी वागणूक या एका गोष्टीवरून समजते. उन्हाळ्यात ती जमिनीच्या भेगांत खोल जाते. पावसाळ्यात वर येते, पण बिळात पाणी भरले की उंच आणि आडोशाची जागा शोधू लागते. घराचा जोता, मोरी, लाकडांचा ढीग, ओले गोणपाट या तिला आयत्या मिळालेल्या जागा होत. भातखाचरे भरून जिथे चाळी उभ्या राहिल्या, तिथे मोरीच्या नाळीतून घोण येते ती याच कारणाने.

घोण रात्री हिंडते. तिची नजर मंद असून ती मिशांनी चाचपत भक्ष्य शोधते. झुरळे, रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, क्वचित लहान पाल किंवा बेडूकही ती खाते. चिकू, नारळ, केळीच्या बागेत ती एक नैसर्गिक भक्षक आहे. मात्र तिच्या भरवशावर कीड नियंत्रण होईल असे समजू नये, कारण ती मित्र आणि शत्रू असा भेद करत नाही. गांडूळेही ती आवडीने खाते. म्हणून गांडूळखताच्या वाफ्यात घोण दिसल्यास लांब चिमट्याने काढून दूर बांधावर सोडावी.

मादी ओलसर पोकळीत काही डझन अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळे करून बसते. अंडी वारंवार चाटून साफ ठेवते, त्यामुळे त्यांवर बुरशी धरत नाही. पिले स्वतंत्र होईपर्यंत ती अन्नावाचून राहते. या काळात फार डिवचल्यास मात्र ती अंडी टाकून देते किंवा खाऊन टाकते.

शोधावी कशी ?

जून ते ऑक्टोबर हा काळ चांगला. पावसाने उघडीप दिल्यावर रात्री आठ ते अकरा या वेळेत बॅटरी घेऊन बागेत फिरावे. दिवसा बांधावरील दगड, कुजलेले ओंडके, पडलेल्या झावळ्या, जुन्या कौलांचे व विटांचे ढीग आणि खताच्या खड्ड्याची कड पाहावी. शोधताना पुढील काळजी घ्यावी.

– पायांत गमबूट आणि हातांत जाड चामडी मोजे घालावेत. एकट्याने जाऊ नये.
– दगड हाताने न उचलता लोखंडी आकड्याने उचलावा. आपण दगडाच्या मागे उभे राहून तो आपल्याकडे कलता करावा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते. त्याच दगडाखाली विंचू किंवा साप असू शकतो.
– पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा. उलटा टाकलेला दगड म्हणजे कोणाचे तरी मोडलेले घर.
– तुंगारेश्वरसारख्या अभयारण्यातून कोणताही प्राणी उचलू नये, तो गुन्हा आहे. विक्रीसाठीही घोणी गोळा करू नयेत.

घोण पकडायची झाल्यास तिच्यापुढे रुंद तोंडाची बरणी आडवी धरावी आणि मागून लांब काडीने हळूच हुसकावे. हाताने कधीही धरू नये.

बरणीत ठेवावी कशी ?

कृषी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना आणि जिज्ञासू शेतकऱ्यांना हा प्रयोग बरेच शिकवतो. घरात लहान मुले असल्यास मात्र तो शाळेत किंवा कुलूप लागणाऱ्या खोलीतच करावा.

१) भांडे : गुळगुळीत काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची उभट पेटी घ्यावी. उंची घोणीच्या लांबीच्या दीडपट तरी असावी. घोण काच चढू शकत नाही, पण उभी राहून काठ गाठते. झाकण घट्ट, कडी लागणारे असावे. हवेसाठी बारीक तारेची जाळी बसवावी.
२) माती : तळाशी आठ ते दहा सेंटिमीटर नारळाचा भुसा आणि कीटकनाशक न पडलेली माती समप्रमाणात भरावी. एक बाजू ओलसर, दुसरी कोरडी ठेवावी. वर सालीचा एक तुकडा लपण्यासाठी ठेवावा.
३) पाणी : उथळ झाकणात खडे घालून पाणी ठेवावे. दोन-तीन दिवसांनी ओलसर बाजूवर पाणी शिंपडावे, चिखल होऊ देऊ नये.
४) खाद्य : आठ-दहा दिवसांनी एक झुरळ किंवा दोन रातकिडे पुरतात. ज्या घरात औषध फवारले आहे तेथील झुरळे देऊ नयेत. उरलेले खाद्य दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढावे.
५) मुंग्या : पेटी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी. कात टाकलेली मऊ घोण मुंग्या फस्त करतात.
६) एका पेटीत एकच : दोन ठेवल्यास बहुधा एकच उरते.

खाणे सोडून घोण सुस्त झाली तर ती कात टाकण्याच्या बेतात असते. तेव्हा तिला छेडू नये. अंड्यांवर बसलेली मादी दिसल्यास पेटीवर काळे कापड टाकून ती जागेवरून हलवू नये.

आमच्या वर्गात ठेवलेली पहिली घोण एका सुट्टीत मेली. खाद्य पेटीत तसेच होते, माती मात्र सुकली होती. भुकेने नव्हे, कोरडेपणाने ती गेली. जे पेटीत घडले तेच घरात घडवून आणायचे आहे. घर कोरडे ठेवले तर घोण तेथे राहत नाही. निरीक्षण संपल्यावर घोण जिथे सापडली तिथेच सोडावी.

घराबाहेर ठेवण्याचे उपाय

– जोत्याच्या व भिंतीच्या भेगा पावसापूर्वी सिमेंटने बुजवाव्यात. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि दाराखाली रबरी पट्टी लावावी.
– लाकूड, विटा, पेंढा भिंतीला टेकवून न ठेवता फूटभर लांब आणि जमिनीपासून उंच माचावर ठेवावा. पेंढ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.
– चपला, बूट, अंथरूण झटकून वापरावे. जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. यामुळे मण्यारीपासूनही बचाव होतो.
– अंगणात कोंबड्या असल्यास त्या घोणी टिपतात.
– जुनी शिल्लक औषधे घराभोवती टाकू नयेत. बीएचसीवर १९९७ पासून, तर फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घोणीच्या दंशापेक्षा ही पावडर मुलांना आणि जनावरांना कितीतरी अधिक घातक आहे.

दंश झाल्यास

घोण तोंडाने चावत नाही. डोक्यामागच्या पायांच्या पहिल्या जोडीची विषनखे झालेली असतात, ती ती खुपसते. लगेच आगीसारखी कळ येते, सूज व लाली येते. निरोगी माणसात हे बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. जिवावर बेतणे अत्यंत दुर्मीळ आहे.

जखम साबणाने धुवावी. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात दंशाचा भाग अर्धा तास बुडवावा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावे, म्हणजे भाजणार नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. जखम कापू नये, चोखू नये, तीवर चुना किंवा रॉकेल लावू नये. लहान मूल किंवा वृद्ध असल्यास, तसेच धाप लागणे, अंगावर गांधी उठणे, छातीत दुखणे, चेहरा सुजणे यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रात्री अंधारात काय चावले हे दिसले नसेल तर "घोणच असेल" म्हणून झोपून राहू नये. घोणीचा दंश फार दुखतो, तर मण्यारीचा जवळजवळ दुखतच नाही आणि तोच प्राण घेतो. लाल विंचवाच्या दंशात घाम फुटतो, हातपाय गार पडतात. त्यावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी रूढ केलेला प्राझोसिन गोळीचा उपचार आहे, पण तो वेळेवर मिळायला हवा. शंका असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुखो वा न दुखो, रुग्णालय गाठावे.

थोडक्यात, घर कोरडे ठेवा, बांधावरचा दगड जागेवर ठेवा, आणि न दिसलेल्या दंशाला घोणीचे नाव देऊ नका. येत्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून घराच्या भेगा बुजवाव्यात आणि भिंतीलगतचे ढीग हलवावेत. घोण मग आपसूकच बागेत राहील.