गिधाडांना वाचवायचे कशासाठी?



नष्ट होत चाललेल्या पशुपक्ष्यांना वाचविण्यासाठी माणसाने धडपड करावी काय? वाघ, मोर, हरिण यांच्याविषयी विचारले तर बहुतेक सर्वजण 'हो' म्हणतील. पण गिधाडाविषयी विचारले तर? मढ्यावर जगणारा, बोडक्या मानेचा हा पक्षी. त्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. म्हणूनच या प्रश्नाची खरी कसोटी वाघापाशी लागत नाही, ती गिधाडापाशी लागते.

घडले काय?

पूर्वी गावात जनावर मेले की ते गावाबाहेर टाकले जाई. काही वेळात आकाशात घिरट्या सुरू होत आणि गिधाडांचा थवा बघता बघता नुसता सांगाडा शिल्लक ठेवी. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी हे दृश्य पाहिले आहे. त्यांच्या मुलांनी मात्र ते पाहिलेले नाही.

१९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे भराभर मरत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आले. नंतर देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत जेमतेम एक उरली. लांब चोचीची गिधाडे शंभरांत तीनच्या आसपास राहिली.

कारण कोणते?

प्रथम रोगाचा संशय आला, कीटकनाशकांचाही आला. खरे कारण पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उघड झाले. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. गुरांची सूज व वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारणीभूत होते. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर मेले, तर औषधाचा अंश त्याच्या शरीरात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरते. एका मढ्यावर अनेक गिधाडे जेवतात. त्यामुळे शंभरांतील एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असले तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. झालेली तूट भरून निघणार कशी?

येथे क्षणभर थांबून विचार करा. दुखणाऱ्या बैलाला औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याच्या मनात करुणाच होती. पण करुणेला प्रज्ञेची जोड नव्हती. औषध पुढे कोठे जाते, हे कोणालाच माहीत नव्हते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा : सर्व काही अनित्य आहे, डायनोसॉरही गेले, मग गिधाडे गेली तर काय बिघडले? डायनोसॉर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले, तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. गिधाडे मात्र आपल्या हातून मेली. माणूसही अनित्यच आहे, पण म्हणून त्याच्या अन्नात विष कालवण्याची मुभा कोणाला मिळत नाही. अनित्यता हा निसर्गाचा नियम आहे. ती आपल्या चुकीची सबब होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप : आधी माणूस, मग पक्षी. हा आक्षेप गरिबांच्या कळवळ्यातून येतो, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. पण वस्तुस्थिती पाहा. गिधाडे गेल्यावर मढी सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडांअभावी भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा अंदाज आहे. शिवाय गिधाडाने सोडलेले काम कोणाच्या तरी माथी येते. मेलेली गुरे ओढण्याचे काम पूर्वी कोणाच्या माथी मारले गेले, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप : उपयोगी प्राणी वाचवावेत, बाकीच्यांचे काय? सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख येथे वाचण्यासारखा आहे. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर त्याने ज्या प्राण्यांना अवध्य ठरविले, त्यांत पोपट-मैनेबरोबर वटवाघूळही आहे. जे खाण्याच्या किंवा वापराच्या कामी येत नाहीत, असे चतुष्पाद प्राणीही त्यात आहेत. म्हणजे उपयोग हीच जगण्याच्या हक्काची अट नव्हे. शिवाय कोण उपयोगी हे तरी आपल्याला आधी कोठे कळते? गिधाडाचा उपयोग कळला तो ते गेल्यावर.

उपाय काय झाले?

२००६ साली भारताने गुरांसाठी डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असे पर्यायी औषध आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील डायक्लोफिनॅक गुरांना टोचले जाई. म्हणून २०१५ साली त्या बाटल्याही बंद करून एका मात्रेचीच बाटली ठेवण्यात आली. २०२३ साली गुरांसाठी किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे. तेथे वाढलेली गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रात पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. तरीही धोका टळलेला नाही. पिंजऱ्यात पक्षी वाढविता येतो, पण बाहेरचे मढे विषारी असेल तर सोडलेला पक्षी पुन्हा मरणारच. म्हणून पक्षी वाढविण्याइतकेच आपले वर्तन सुधारणेही आवश्यक आहे.

सारांश, गिधाडाला वाचविणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. ती आपल्या चुकीची दुरुस्ती आहे. तिची सुरुवात गावातूनच होऊ शकते. घरचे जनावर आजारी पडले तर पशुवैद्यकाला एवढेच विचारा, "डॉक्टरसाहेब, हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे ना?" करुणेला प्रज्ञेची जोड देणारा हा एक प्रश्न आहे, आणि तो विचारायला पैसे पडत नाहीत.

विचारासाठी प्रश्न

१. निसर्गतः नाहीसे होणे आणि माणसाच्या हातून नाहीसे होणे यांत फरक कोणता?
२. केवळ करुणा पुरेशी का नसते? गिधाडांच्या उदाहरणावरून सांगा.
३. तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारा : शेवटचे गिधाड त्यांनी केव्हा पाहिले?