कोष्टकाच्या वर लिहायचे कसे?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ धावडा नावाचे गाव आहे. समजा, तिथल्या शाळेतील मुलांनी पावसाळाभर पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवल्या आणि त्या संगणकावर उतरवायला घेतल्या. घाईघाईत त्यांनी कोऱ्या पानावर आधी कोष्टकच आखले. डाव्या रकान्यात तारीख, उजव्या रकान्यात पाऊस. सगळे आकडे भरून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "वर शीर्षक कुठे आहे?" आणि इथेच गाडी अडली. कर्सर काही केल्या कोष्टकाच्या वर जाईना! माउसने कितीही टिचकी मारा, तो आपला पहिल्या घरातच जाऊन बसतो.

शीर्षक राहिले तर एवढे काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. या कोष्टकापुरते पाहा. आपल्याकडे पाऊस मोजण्याची ठरलेली वेळ सकाळी साडेआठची आहे. म्हणजे '५ जुलै' समोर ३२ मिलिमीटर लिहिले असतील, तर तो पाऊस ४ जुलैच्या सकाळी साडेआठपासून पुढच्या २४ तासांतला. प्रत्यक्षात तो सगळा ४ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला असू शकतो. शिवाय ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला जातो, तोच आपले हवामान खाते 'पावसाचा दिवस' धरते. या दोन गोष्टी कोष्टकाच्या वर किंवा खाली लिहिल्या नाहीत, तर आकडे अगदी बरोबर असूनही वाचणारा चुकीचा अर्थ काढील.

हाताने लिहिताना ही अडचण कधी नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. पंचांग म्हणजे कोष्टकांचेच पुस्तक. पण शिळाप्रेसमध्ये सारे पान हातानेच लिहायचे असल्याने लेखणीला अक्षर आणि रेघ सारखीच. शिशाचे खिळे जुळवून छपाई करताना मात्र रेघांसाठी धातूच्या पट्ट्या आणि मोकळ्या जागेसाठीसुद्धा धातूचे तुकडे बसवावे लागत. तरी शीर्षक राहिलेच, तर जुळाऱ्याला फर्मा सैल करून वर एक ओळ घालता येई. काम किचकट खरे, पण जागा डोळ्यांना दिसत असे.

संगणकाला मात्र आपल्यासारखे 'पान' दिसत नाही. त्याच्या दृष्टीने तुमचा लेख म्हणजे एका दोऱ्यात ओवलेली माळ आहे. एक परिच्छेद, मग दुसरा परिच्छेद, मग कोष्टक, पुन्हा परिच्छेद. कर्सर उभा राहतो तो परिच्छेदातच, मग तो परिच्छेद मोकळा असो की कोष्टकाच्या घरातला. (प्रत्येक घरात निदान एक रिकामा परिच्छेद असतोच.) कोष्टक माळेतला पहिलाच मणी असेल, तर त्याच्या आधी परिच्छेदच नाही, मग कर्सरने उभे राहायचे कुठे? कागदावर वर पांढरी जागा दिसते, पण ती नुसता समास आहे.

खालच्या बाजूला वर्डमध्ये असे होत नाही, कारण लेखाच्या शेवटी एक परिच्छेद असलाच पाहिजे असा त्याचा नियमच आहे. तो पुसता येत नाही. पानभर कोष्टक केल्यावर शेवटी जे आगंतुक कोरे पान येते, ते याच परिच्छेदाचे! त्याच्या अक्षरांचा आकार १ पॉइंट केला की ते पान बहुधा नाहीसे होते.

आता उपाय. वर्डमध्ये कोष्टक लेखाच्या अगदी आरंभी असेल, तर कर्सर पहिल्या घरात पहिल्या अक्षराच्याही आधी ठेवा आणि एंटर दाबा. कोष्टक खाली सरकेल, वर कोरी ओळ येईल. लिब्रेऑफिस रायटरमध्येही हीच युक्ती चालते. तिथे कोष्टकाच्या खाली ओळ हवी असेल, तर शेवटच्या घराच्या शेवटी जाऊन आल्ट आणि एंटर दाबावे. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या, तर कर्सर ज्या आडव्या ओळीत असेल तिच्यावर कोष्टक दुभंगते आणि मध्ये परिच्छेद येतो. जूनचे आणि जुलैचे आकडे वेगळे करून मध्ये टीप लिहायला हे फार सोयीचे. मधला परिच्छेद पुसलात तर दोन्ही तुकडे पुन्हा चिकटतात, हे ध्यानात ठेवा.

कोष्टकाच्या शेजारी मजकूर वाहता ठेवायचा असेल, तर वर्डमध्ये कोष्टकाच्या गुणधर्मांत जाऊन मजकूर 'अराउंड' करावा लागतो. रायटरमध्ये आधी फ्रेम घालून तिच्यात कोष्टक ठेवणे हा जुना, खात्रीचा मार्ग आहे. पण असे तरंगते कोष्टक मोकळे नसते. वर्डमध्ये ते आपल्या पुढच्या परिच्छेदाला दाव्याने बांधलेल्या वासरासारखे असते. तो परिच्छेद दुसऱ्या पानावर गेला की कोष्टकही मागोमाग जाते. 'माझे कोष्टक पळाले' अशी तक्रार येते ती यामुळे.

मराठीत मात्र ही हौस जपून करावी. ए-४ कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर. दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर समास सोडला तर १६ उरतात. त्यात ९ सेंटिमीटरचे कोष्टक ठेवले, तर शेजारी ७ सेंटिमीटरचीही पट्टी राहत नाही. 'पर्जन्यमापकावरील' यासारखे प्रत्यय लागलेले लांब शब्द त्या पट्टीत मावेनासे होतात, आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या असतील तर शब्दांमध्ये भगदाडे पडतात. माझ्या मते, अर्ध्याहून रुंद कोष्टकाशेजारी मजकूर घालूच नये.

ही मण्यांची माळ डोळ्यांनी पाहायची आहे? कोष्टक असलेली एखादी डॉक्स फाइल घ्या, तिची प्रत काढा आणि प्रतीच्या नावातले शेवटचे 'डॉक्स' बदलून 'झिप' करा. ती फाइल म्हणजे खरे तर एक गाठोडेच आहे. ते सोडा आणि 'वर्ड' नावाच्या कप्प्यातील 'डॉक्युमेंट' ही फाइल ब्राउझरमध्ये उघडा. 'पी' अशी खूण दिसेल तिथे परिच्छेद, 'टीबीएल' दिसेल तिथे कोष्टक. पहिल्या 'टीबीएल'च्या आधी एखादा 'पी' आहे का, ते शोधा. नसेल तर मूळ फाइलमध्ये वरची एंटरची युक्ती करून ती साठवा, पुन्हा प्रत काढून उघडा आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवा.