वस्तूइतकीच तिची फाईल मोलाची

प्रश्न : शाळेच्या सहलीबरोबर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात नेहमी जाणे होते. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांची पत्रे, टिपणे, खरेदीचे हिशेबही जपून ठेवतात, असे वाचले. वस्तू काचेत सुरक्षित असली की झाले. साहेबांच्या टेबलावरचे कागद कशाला जपायचे?
— एक शिक्षिका, गडमुडशिंगी (ता. करवीर)

उत्तर : टाऊन हॉल संग्रहालयातल्या पोसायडनचेच उदाहरण घेऊ. ग्रीकांच्या समुद्रदेवाची ही लहानशी ब्राँझची मूर्ती एखाद्या जुन्या बाजारात मिळाली असती, तर ‘परदेशी शोभेची वस्तू’ यापलीकडे तिला अर्थ उरला नसता. पण ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत, इतर ब्राँझच्या वस्तूंसोबत सापडल्याची नोंद प्रा. के. जी. कुंदणगार यांच्यामुळे राहिली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. अहवाल १९५२ मध्ये छापून आला. या सगळ्यामुळे सातवाहनकाळच्या कोल्हापुराचा रोमन जगाशी असलेला संबंध ठामपणे मांडता येतो. पुढे कार्ल खंडालावाला आणि रिचर्ड दे पुमा या अभ्यासकांनी या संचातले रोमन काय आणि इथले काय, याचा पुन्हा कस लावला. कागदच नसते तर वाद तरी कशावर घालणार? अभ्यासक या संचाला कुंदणगारांच्या नावानेही ओळखतात.

संग्रहालयातली वस्तू उलटून पाहिली तर सहसा तळाशी बारीक अक्षरात एक क्रमांक रंगवलेला दिसतो. तोच क्रमांक नोंदवहीत असतो. त्यापुढे वस्तू कधी आली, कुणाकडून, भेट की विकत, किंमत, माप, कुठे तडा आहे, हे सारे लिहिलेले. तो क्रमांक पुसला गेला की वस्तू पोरकी होते.

पण नोंदवहीत फक्त आलेल्या वस्तू असतात. संचालकाने काय नाकारले आणि का, कुठल्या विक्रेत्याचा त्याला संशय आला, कोणाला गळ घालून एखादा संग्रह मिळवला, हे त्याच्या पत्रव्यवहारातच सापडते. मला तर हे नकारच सर्वांत मोलाचे वाटतात; जाणकाराची नजर त्यांतच कळते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, डॉ. मोतीचंद्र आणि त्यांच्यानंतर सदाशिव गोरक्षकर यांनी संचालकपद सांभाळले. अशा माणसांनी काय निवडले, यावर आपल्या पिढ्यांना कोणती कला दिसली हे ठरले. तेव्हा निवडीमागची कारणेही पुढच्या पिढीच्या हाती पडायलाच हवीत.

कागद खोटेही असतात. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या मंदिरातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना घेतला. विक्रेता सुभाष कपूरने जोडलेला मालकीचा इतिहास बनावट होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्याच मूर्तीचा मंदिरातला जुना फोटो निघाला आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. कुणीतरी फोटो काढून, गावाचे नाव लिहून तो जपला होता, म्हणून हे जमले.

गडमुडशिंगीतही हे करता येईल. घरातल्या जुन्या चित्रामागे चिकटवलेली फ्रेमवाल्याची चिठ्ठी फाडू नका. पावती, चित्रकाराचे पत्र, भिंतीवर ते चित्र दिसणारा लग्नातला फोटो एका पाकिटात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. शेतात नांगराला नाणी किंवा मूर्ती लागली, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. जागेवरच फोटो काढा. गट नंबर, खोली, शेजारी काय होते ते लिहा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा तेच सांगतो.