‘नंतर’ म्हणू नकोस, बाई

अगं, लॅपटॉपच्या कोपऱ्यात अपडेटची खूण येते आणि तू दर वेळी ‘नंतर’वर क्लिक करतेस, हे मला ठाऊक आहे. कारणंही ठाऊक आहेत. सकाळी उठल्या उठल्या मीटिंग, संध्याकाळी बेंगळुरूतल्या सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून पीजीवर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, आणि अपडेट चालू असताना नेमके लाइट गेले तर, ही धास्ती वेगळीच. तरी आज जरा ऐक. ऑफिसच्या मशीनची काळजी तिथली आयटी टीम घेते. मी बोलतेय तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपबद्दल. तुझं आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, भाडेकरार, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, सगळं त्यातच तर आहे.

दर महिन्याचं अपडेट मुख्यतः सुरक्षेतल्या भेगा बुजवायला येतं. पण भेग बुजवली, की ती कुठे होती हेही जगजाहीर होतं. हल्ला करणारे जुन्या आणि नव्या फाइली ताडून ती जागा शोधतात. म्हणजे ज्यानं अपडेट घेतलं नाही, त्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो. म्हणून ‘नंतर’ मला खटकतं.

२०१७ साली हेच झालं. विंडोजमधल्या एका भेगेवरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला दिला होता. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच भेगेतून शिरलं आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरलं. फाइली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला खंडणी मागायची, असं त्याचं काम. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्रातल्या पोलिसांचे आणि केरळातल्या ग्रामपंचायतींचे काही संगणक अडकले. उपाय हाताशी येऊन तेव्हा जवळजवळ दोन महिने झाले होते.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ हे असंच दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात सापडलं. संगणक ठप्प झाले आणि कंटेनरची कामं खोळंबली. हे प्रकरण मात्र नीट समजून घे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ते आत घुसलं होतं, आणि एकदा आत आल्यावर चोरलेल्या पासवर्डांच्या बळावर अपडेट केलेल्या मशीनपर्यंतही पोचत होतं. त्यामुळे अपडेट केलं की निर्धास्त झोप, असं मी तुला सांगणार नाही. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेव, आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेव. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते.

तू म्हणशील, ताई, १९ जुलै २०२४ला बेंगळुरूच्या विमानतळावर चेक-इन कोलमडलं, ते अपडेटमुळेच ना? हो. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. पण ती एक फाइल काढली की मशीन पुन्हा सुरू होत होती, आतली माहिती शाबूत होती. खंडणीखोरांच्या तावडीतून माहिती तशी सुटत नाही. अपडेट कधी बिघडतं, म्हणूनच आधी प्रत काढायची. टाळायचं मात्र नाही.

आता काय करायचं ते सांगते. मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतं. त्या आठवड्यातली एक रात्र ठरवून टाक. चार्जर लाव, बॅटरी निम्म्याहून जास्त असू दे. मग लाइट गेले तरी लॅपटॉप बंद पडणार नाही. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ला तुझ्या कामाच्या वेळा भर, म्हणजे मीटिंगच्या मध्येच तो रीस्टार्ट होणार नाही. आणि रीस्टार्ट नक्की कर. झाकण नुसतं मिटलं तर अपडेट अर्धवटच राहतं.

विंडोज १० असेल तर जास्त सावध हो. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतील, अशी सोय कंपनीनं जाहीर केली होती. पण ती तात्पुरतीच. लॅपटॉप विंडोज ११ पेलत असेल तर ते घे. पेलत नसेल तर उबंटूसारखं फुकट लिनक्स टाकता येतं. एस. पी. रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेणार असशील, तर पैसे देण्याआधी विंडोज अस्सल आहे का आणि अपडेट चालू आहे का, दुकानातच तपास. क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये अपडेट बंद करून ठेवलेलं असू शकतं, आणि क्रॅकबरोबर आणखी काय आलंय ते तुला कळायचं नाही.

आणखी एक. खरं अपडेट सेटिंग्जमधूनच येतं. सिनेमा बघताना ‘तुमचं विंडोज धोक्यात आहे, इथे दाबा’ असं झळकलं, तर ती खिडकी बंद कर. कुणी फोन करून स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर फोन ठेवून दे. पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस, लगेच १९३०ला फोन लाव. जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि घरी जाशील तेव्हा बाबांच्या टेबलावरचा जुना संगणक बघ. त्यातल्या विंडोज ७चे अपडेट जानेवारी २०२०मध्येच थांबलेत, आणि बाबा त्याच्यावर बँकेचे व्यवहार करतात. ते स्वतःहून काही बोलायचे नाहीत. तूच शेजारी बस, जुने फोटो आधी हार्ड डिस्कवर घे, आणि मशीन बदलेपर्यंत बँकेचं काम अपडेट केलेल्या मोबाइलवरच करायचं, हे त्यांच्या गळी उतरव. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.