उलटा क्रेट

चिंचवड,
रविवार सकाळ

चि. मुग्धास,


परवा व्हिडिओ कॉलवर तू अर्गोनॉमिक्सचा ऑनलाइन कोर्स घेतल्याचं सांगितलंस, तेव्हा आनंद झाला आणि हसूही आलं. आनंद यासाठी की फिजिओथेरपी करून कारखान्याच्या वाटेला जाणारी मुलं थोडीच असतात. हसू आलं ते तुला बघून. बसण्याच्या योग्य पद्धतीवरचं लेक्चर तू पलंगावर पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन ऐकत होतीस.

रागावले नाही गं. उलट, तू जो भाग आवडीने निवडलास, 'वर्तनबदल', त्याचा पहिला धडा त्या उशीवरच होता. मान पुढे गेली की मणक्यांवर काय होतं हे तुला तोंडपाठ आहे, दिवसभर पेशंटना तू तेच सांगतेस. मग रात्री दहा वाजता तू पालथी का होतीस? मी तुझ्या आईला विचारलं. टेबलावर तिचं शिवणयंत्र आणि अर्धवट पडदे. चार्जिंगचा पॉइंट पलंगाच्या उशाशी. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास टिकते. आणि तू आठ तास उभी राहून आलेली. यात तुझं अज्ञान कुठे आहे? आळसही नाही. एवढ्या सगळ्यात 'मुग्धा, नीट बस' हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण एक लांब वायरची एक्स्टेन्शन कॉर्ड आणि पडद्यांना दुसरी जागा मिळाली, तर तू कुणी न सांगता खुर्चीत बसशील. एवढं कळायला मला नोकरीतली चार-पाच वर्षं घालवावी लागली. कशी, ते सांगते.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात लागले तेव्हा कामगारांच्या पाठदुखीचं काम माझ्याकडे आलं. पार्ट भरलेले प्लास्टिकचे क्रेट पॅलेटवरून उचलून तपासणीच्या टेबलावर ठेवायचे, पाळीभर. क्रेट 14 किलोचा. माणसं कमरेतून वाकत. मी उत्साहात पोस्टर लावलं: 'कमरेतून नको, गुडघ्यातून वाका.' चहाच्या सुट्टीआधी वीस-वीस जणांना उभं करून प्रात्यक्षिक दिलं. सगळ्यांनी छान करून दाखवलं, टाळ्या झाल्या, रजिस्टरवर सह्या झाल्या. पंधरा दिवसांनी गेले तर एकूण एक माणूस पुन्हा कमरेतून वाकत होता. मी पुन्हा प्रशिक्षण दिलं. मग सर्वांत नीट उचलणाऱ्याला महिन्याचं बक्षीस ठेवलं. टिफिनचा डबा, स्टीलचा. तो एका हेल्परला मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तोही वाकत होता.

शेवटी एका रात्रपाळीला गेले, कुणाला न सांगता. लाइनच्या टोकाला एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी एक रिकामा क्रेट पालथा घातला होता. हेल्पर हँड पॅलेट ट्रकवरून आणतानाच भरलेले क्रेट त्या पालथ्यावर रचत होता. काकांना वाकावंच लागत नव्हतं. मी म्हटलं, "काका, हे दिवसा का करत नाही?" ते म्हणाले, "मॅडम, सकाळी सहाच्या आत काढून ठेवावं लागतं. पिवळ्या पट्टीच्या बाहेर जातं. फाइव्ह एसवाले फोटो काढतात."

फाइव्ह एस म्हणजे जागच्या जागी सगळं, नीटनेटकं. त्याचं ऑडिट व्हायचं, त्याला मार्क असायचे. पालथा क्रेट म्हणजे एक मार्क कमी. मुग्धा, मी जे वर्तन शिकवायला सहा महिने घसा कोरडा केला, त्याहून चांगलं वर्तन तिथे रोज रात्री होत होतं आणि रोज सकाळी आम्हीच ते पुसून टाकत होतो. मी दिवसपाळीत, ऑफिसच्या वेळेत जाणारी. मला ते दिसणार कसं?

मग मी स्वतः अर्धा तास क्रेट उचलून पाहिले. गुडघ्यातून वाकायला गेले तर गुडघे पॅलेटच्या कडेला आपटतात. मागे सरकून बसावं तर क्रेट आणखी लांब जातो. म्हणजे माझं पोस्टर शब्दशः पाळलं असतं तर पाठीवरचा भार कमी व्हायच्या ऐवजी वाढला असता. हिशेब तुझ्या कोर्समध्ये येईलच, तरी इथे करून दाखवते. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं वजन उचलण्याचं समीकरण आहे, 1991 मध्ये सुधारलेलं. सगळं अनुकूल असेल तर मर्यादा 23 किलो. अनुकूल म्हणजे हात घोट्यांपासून 25 सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून 75 सेंटीमीटर उंच. हात 50 सेंटीमीटर पुढे गेले की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. त्यात वस्तू जमिनीलगत असेल तर ती 9 किलोच्या आसपास येते. पाळीत किती वेळा उचलायचं, कंबर वळते का, पकड कशी आहे, हे तर अजून धरलेलंच नाही. आमच्या पॅलेटवरच्या मागच्या रांगेतला क्रेट 14 किलोचा. आता त्या समीकरणात बघ: अंतर आहे, उंची आहे, वळण आहे, वेग आहे. 'प्रशिक्षण झालं का' असा रकानाच नाही.

वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावर झालेले प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षणात एकत्र तपासले गेले. 2011 च्या आवृत्तीचा निष्कर्ष हाच की अशा सल्ल्याने आणि प्रशिक्षणाने कामगारांची पाठदुखी टळते असं दिसत नाही. मला हे तेव्हा कळलं असतं तर निदान टिफिनच्या डब्याचे पैसे वाचले असते.

तुझ्या अभ्यासक्रमात सुझन मिकी आणि सहकाऱ्यांची 2011 ची मांडणी येईल, 'कॉम-बी' नावाची. कुठलंही वर्तन घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा ही तिन्ही लागतात. पुढे 2013 मध्ये याच गटाने वर्तन बदलण्याच्या 93 तंत्रांची सूची केली. ती सूची बघून हुरळून जाऊ नकोस. 93 चाव्या हातात आल्या की माणूस आधी चावी निवडतो आणि मग कुलूप शोधत फिरतो. काकांकडे क्षमता होती, प्रेरणा तर माझ्यापेक्षा जास्त होती, कारण पाठ त्यांची होती. त्यांच्याकडे नव्हती ती संधी: जागा, परवानगी, पिवळ्या पट्टीच्या आत सहा इंच. मी मात्र प्रेरणेचं बक्षीस वाटत बसले. बहुतेकांचं हेच होतं. कारण प्रेरणेचा कार्यक्रम एका दुपारी उरकतो. संधी द्यायची तर ऑडिटवाला, मेंटेनन्स, स्टोअर आणि प्रॉडक्शन अशा चौघांशी भांडावं लागतं.

माणसालाच दुरुस्त करायला जायची ही खोड जुनी आहे. विमा कंपनीतल्या हाइनरिक नावाच्या माणसाने 1931 मध्ये औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिलं आणि 88 टक्के अपघातांना माणसांच्या असुरक्षित कृती कारण असल्याचं म्हटलं. त्याचा आधार मुख्यतः विम्याचे दावे आणि कारखान्यांतल्या नोंदी. अपघातानंतर कागद भरतो कोण? सुपरवायझर. तो 'यंत्राची रचना चुकली' असं कशाला लिहील? तरी तो आकडा आजही सुरक्षा सप्ताहाच्या भाषणात भेटतो. कुणी ऐकवला की नम्रपणे विचार, 'नोंद कुणी केली होती?'

याच्या उलट गोष्ट आल्फोन्स चापानिसची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि मग पायलट पंखांचे फ्लॅप मिटायला जाऊन चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. पायलट वेंधळे ठरत होते. चापानिसने कॉकपिटमध्ये पाहिलं तर दोन्ही नियंत्रणं शेजारीशेजारी, दिसायला सारखी. त्याने चाकांच्या नियंत्रणाला चाकाच्या आकाराची मूठ दिली आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीच्या आकाराची. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला. पायलटांची शिकवणी न घेता त्यांचं वर्तन बदललं. तुझा विषय म्हणजे काय असं कुणी विचारलं तर व्याख्या सांगू नकोस, ही गोष्ट सांग.

आता आमच्या क्रेटचं पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मावशीने एका रात्रीत किल्ला सर केला. मी घाईघाईने लोखंडी घोड्या बनवून घेतल्या, सगळ्या एकाच उंचीच्या. हँड पॅलेट ट्रकचे दांडे त्यांच्याखाली जाईनात. बुटक्या मुलांचे खांदे वर उचलले जाऊ लागले. महिनाभरात घोड्या कोपऱ्यात गेल्या आणि त्यांच्यावर लोकांच्या डब्यांच्या पिशव्या लटकू लागल्या. चूक तीच, दुसऱ्यांदा: मी कामगारांना न विचारता उत्तर आणलं होतं. मग काकांना, दोन हेल्परना आणि फॅब्रिकेशनवाल्याला एकत्र बसवलं. भिंतीवर खडूने प्रत्येकाच्या कोपराची उंची आखली. पिनेने दोन उंचींवर बसणारी घोडी त्यांनीच काढली. पिवळी पट्टी नऊ इंच सरकवायला मला तीन मीटिंगा लागल्या. पाठदुखी संपली असं मी म्हणणार नाही. पण क्रेट पुन्हा जमिनीवर गेले नाहीत आणि पोस्टर मीच काढून टाकलं.

आता ऑनलाइन शिकण्याबद्दल. कोर्स वाईट नसतात. आयआयटीतल्या प्राध्यापकांची लेक्चर घरबसल्या एनपीटेलवर फुकट मिळतात, आमच्या वेळी हे स्वप्न होतं. पण पडद्यावर सगळं काम स्वच्छ दिसतं. तिथे तेल सांडलेलं नसतं, सुपरवायझर घड्याळ बघत नसतो. म्हणून काही गोष्टी पाळ.

कोर्स सुरू असेपर्यंत एकच खरं काम धरून ठेव आणि प्रत्येक लेक्चर त्याला लावून बघ. दर आठवड्याला नवं उदाहरण घेऊ नकोस. तुझ्यापुरतं मी सुचवते: आजीचा ओटा. बिल्डरने तो बांधला तेव्हा आजीला कुणी विचारलं नव्हतं. कोपर कानाजवळ नेऊन ती पोळ्या लाटायची. मग एक दिवस तिने देवघरातला पाट ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभी राहिली. आम्ही सगळ्यांनी तिला 'पडशील' म्हणून ओरडून तो पाट दहा वेळा उचलला. आज मला त्या पाटात आणि काकांच्या पालथ्या क्रेटमध्ये काडीचा फरक दिसत नाही. टेप घेऊन जा. ओट्याची उंची, तिच्या कोपराची उंची, पाटाची जाडी, सगळं मोज. मग तिला विचार, तो पाट पुन्हा का यायचा.

रूला शिकशील, मॅकअ‍ॅटम्नी आणि कॉर्लेट यांची अंगस्थितीला गुण देण्याची 1993 ची पद्धत. एकाच फोटोला आज गुण दे आणि आठवड्याने, आधीचे न बघता, पुन्हा दे. दोन्ही जुळेपर्यंत दुसऱ्याच्या अंगस्थितीवर मत देऊ नकोस. मापांसाठी परदेशी तक्त्यांवर विसंबू नकोस. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने 1997 मध्ये काढलं, ते मिळव.

कामगारांचा व्हिडिओ काढशील तर आधी विचारून काढ, आणि काढलेला त्यांना आधी दाखव. त्यांच्याइतकं बारीक बघणारं कुणी नसतं. तो व्हिडिओ त्यांच्यावर कारवाईला वापरू देणार नाही, हे व्यवस्थापनाकडून आधीच कबूल करून घे. एकदा का तुझा मोबाइल फाइव्ह एसवाल्यांच्या कॅमेऱ्यासारखा झाला, की तुझ्यासमोर सगळे गुडघ्यातूनच वाकतील. मग शिकण्यासारखं काही उरणार नाही.

आणि बदल टिकला का हे सहा महिन्यांनी बघ, तेही रात्रपाळीला. पंधराव्या दिवशीचा फोटो अहवालात छान दिसतो. माझ्या घोड्यांचाही छान दिसला होता.

प्रमाणपत्र मिळेलच, तू हुशार आहेस. ते फ्रेम करण्याआधी एक्स्टेन्शन कॉर्ड घे. आणि पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा लेक्चरमध्ये काय ऐकलंस ते मला सांगू नकोस. आजी पाटाबद्दल काय म्हणाली, ते सांग.

ताईला नमस्कार, भावजींनाही सांग.

तुझी,
मावशी